पाठीवरचे तळवे

थोरली बहीण तापाने गेली आणि तलवारीच्या जोडखेळातली तिची जागा धाकटीच्या गळ्यात पडली. थोरली म्हणजे निव्वळ रबर. कमरेतून मागे वाकली की वेणी जमिनीवर लोळायची. धाकटी जन्माची ताठ. "तुला वाकवण्यापेक्षा दाराची कडी वाकवणं सोपं," शिकवणारे आणि जोडीला खेळणारे सर म्हणायचे आणि सगळं पथक खो-खो हसायचं.

खेळ तोंडावर आला होता. म्हणून दुपारी जेवणं उरकली की ती एकटीच तालमीच्या हॉलमध्ये यायची, गादीवर पाय फाकवून बसायची आणि छाती खाली न्यायची. मांड्यांतून कळा जायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, पण अंग काही ऐकायचं नाही.

एके दुपारी पाठीवर दोन तळवे टेकले. थंडगार. आधी अंगठे, मग बोटं, मग सगळा भार. सर आले असावेत, असं समजून तिने श्वास सोडला आणि छाती चक्क गादीला लागली.

"सर, टेकले!"

"कुणाशी बोलतेस?" सरांचा आवाज दारातून आला. ते अजून चपला काढत होते.

जवळ येताच ते थबकले. घामाने भिजलेला तिचा सदरा पाठीवर दोन ठिकाणी दबला होता. बोट न् बोट दिसत होतं. मग अंगठ्यापासून एकेक बोट उचललं गेलं.

"असं अंगठ्यापासून कोण दाबायचं?" सरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"ताई," ती म्हणाली.

 त्यानंतर ती हॉलचं दार सताड उघडं ठेवायची, पण रोज दुपारी जायची. ताईला नको कसं म्हणायचं? पाठ मात्र वेलीसारखी लवू लागली.

खेळाच्या दिवशी सरांची तलवार आडवी फिरली आणि ती मागे वाकली. वेणी जमिनीला लागली. पातं वरून सुर्रकन गेलं, टाळ्या पडल्या. आता उठायचं होतं, पण छातीवर तेच तळवे होते.

"ताई, सोड."

दाब वाढला. मणक्यात काहीतरी कटकन वाजलं. लोकांना तो खेळच वाटला. त्यांनी आणखी टाळ्या पिटल्या.

"ताई, समोर आई बसलीय गं," ती कशीबशी कुजबुजली.

तळवे सुटले.

ती उठून उभी राहिली आणि तलवारीचे पुढचे हात जमतील तसे करून तिने खेळ संपवला.

पडद्यामागे आई आली, तीच मुळी गाल चोळत. "तू वाकली होतीस ना, तेव्हा कुणीतरी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला गं. बर्फासारखे हात. भ्यायचं सोडून मला रडूच आलं."

धाकटीने आईला घट्ट मिठी मारली. 

दुसऱ्या दिवशी तळवे टेकलेच नाहीत; तिला बुटाची नाडी बांधायलाही वाकता येईना. सरांनी गादी अंथरली आणि म्हणाले, "बस. आता मी दाबतो."