जोडीचा शब्द

लायसँडर प्रुइट वकील होता, वर राज्याच्या विधानसभेत आमदार, आणि तरीही भोळा. आता काय म्हणावं अशा माणसाला!

जिल्ह्याचं न्यायालय त्याच्या गावातून उचलून नदीपलीकडे न्यायचं विधेयक आलं होतं. न्यायालय गेलं की खाणावळी, दुकानं, वकील, सगळेच जाणार, गावाला टाळं लागणार. मतं काठावर होती. नेमका मतदानाच्या आदल्या दिवशी राजधानीत त्याला घरून निरोप आला: डॉर्कसला, त्याच्या बायकोला, ताप चढलाय, शुद्ध नाही.

होझिया ग्रिडली पलीकडच्या गावचा आमदार. विधेयक त्याला हवंच होतं. पण फिरत्या न्यायाधीशांच्या मागे घोड्यावरून गावोगाव वकिली करत दोघांनी उमेदीची वर्षं काढलेली, एकाच ताटात मक्याची भाकर नि डुकराचं मांस खाल्लेलं.

"वेडा आहेस का, निघ," होझिया म्हणाला. "तू नाहीस तर मीही मत देत नाही. आपली जोडी."

म्हणजे दोन्ही बाजूंचं एकेक मत कमी, हिशेब बरोबर. जोडी कागदावर लिहीत नाहीत. हात मिळवला की झालं. लायसँडरने साक्षीदारसुद्धा ठेवला नाही. मित्राला साक्षीदार कसला लावायचा?

तो घरी गेला. डॉर्कस वाचली. विधेयकही एका मताने पास झालं. ते मत होझियाचं होतं.

लोहार ओबाडायाने भर रस्त्यात विचारलं, "काय वकीलसाहेब, बाईंचा ताप अगदी मुहूर्त बघून आला की!" आजूबाजूचे हसले.

लायसँडर तडक राजधानीत गेला. होझिया सभागृहाच्या पायऱ्यांवर सफरचंद खात बसला होता.

"सभागृहात उठून एवढंच सांग, की आपली जोडी होती," लायसँडर म्हणाला. "फेरमतदान मागता येईल. गाव वाचेल."

"आणि मी?"

"तू शब्द दिला होतास, होझिया."

"दिला होता. नाही कुठे म्हणतो? पण तुझ्यापाशी म्हणतो, आत नाही म्हणणार." होझियाचा आवाज अगदी मायेचा होता. "जोडी मोडली हे कबूल केलं तर माझ्याशी कुणी बोलणार नाही. तुझं तर नाव गेलंच आहे, लायसँडर. मग दोघांनी कशाला बुडायचं?"

आणि त्याने जागा करून दिली, बस म्हणाला.