गाणं तुटलं की ओढायचं

जमिनीखालच्या टाक्या साफ करणं हा आमचा घरचा धंदा, आणि त्याचा नियम एकच. उतरणाऱ्यानं गात राहायचं. गाणं तुटलं की वरच्यानं दोर ओढायचा. खाली आंबलेल्या गाळातून वायू सुटतो, आणि तो माणसाला हाक मारायचीही सवड देत नाही.

उतरायचा तो दादा. गळा असा, की कारखान्यातली माणसं उघडे डबे तसेच टाकून टाकीपाशी येऊन बसायची. कडव्याआधी तो मुद्दाम थांबायचा, ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लावायचा आणि मग तान घ्यायचा. गेल्या वर्षी तो असाच थांबला. दोर बाबांच्या हातात होता. तानेची वाट बघत ते मान डोलवत राहिले.

आता उतरायला उरले मी. बाबांचे गुडघे गेलेत आणि वहिनीच्या पदरी दादाची दोन पोरं आहेत. माझ्या आवाजाबद्दल काय सांगावं! पाहुणे हलेनात, की दादा म्हणायचा, "हिला गायला सांगा, आत्ता उठतील." सगळ्यांबरोबर मीही हसायचे. पण त्यानंतर चारचौघांत मी कधी गायले नाही.

त्या दिवशी रसाच्या कारखान्यातली टाकी होती. तीच, दादाची. पंखा लावून तासभर हवा मारली होती. तेव्हाही मारली होती. दोर पुन्हा बाबांच्याच हातात होता, शेजारी वहिनी.

तळाशी पोचले आणि पुटपुटायला लागले. लगेच दोराला हिसका बसला.

"वन्सं, काही ऐकू येत नाही!" वहिनी वरून ओरडली.

तोंडाशी जमलेल्या कामगारांपैकी कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग माझाच मला राग आला. इथे खरंच मरायची सोय आहे आणि बाईसाहेबांना लाज वाटतेय!

मी दादाचंच गाणं घेतलं. फाटक्या गळ्यानं, बेंबीच्या देठापासून. एक ओळ संपायच्या आत दुसरी तिच्यावर आदळत होती. भिंती माझं बेसूर मलाच परत करत होत्या. भीती गेली नव्हती. पण त्या काळोखात माझा आवाज माझ्याहून मोठा झाला होता आणि मला तो चक्क आवडला. फावडं चालत राहिलं.

तिसऱ्या कडव्यात गुडघ्यांतलं बळ गेलं. मला वाटत होतं, मी अजून गातेच आहे.

डोळे उघडले तेव्हा वर आकाश होतं. बाबांच्या तळहातांची सालं निघाली होती.

"अर्धा शब्द तुटला फक्त," वहिनी रडत म्हणाली, "मी दोर धरायच्या आत बाबांनी एकट्यांनी ओढलं."

बाबा माझ्याजवळ बसले होते. रक्ताळलेला हात त्यांनी माझ्या गळ्यावर ठेवला.

"किती वाईट गातेस गं," ते म्हणाले. "त्याचा गळा असा असायला हवा होता."