मामांचा जिना

त्या दिवसांत लालबागच्या चाळीत नळावर बादली लावली की माणूस शिट्टी घालायचा, आणि शिट्टी एकच, 'मामांचा जिना'. परळच्या थेटरात लागलेल्या विनोदी सिनेमात एक जाडे मामा लाडवांचा डबा चोरून जिना चढतात, आणि मागचा वाद्यमेळ त्यांच्या पावलाला पाऊल लावून चढतो. व्हायोलिनं कुजबुजतात, ढोल धापा टाकतो, आणि मामांचा पाय घसरला की क्लॅरिओनेट वरून खाली असं घरंगळतं की पब्लिक हसून हसून बेजार. सिनेमातली गाणी राहिली बाजूला, गिरणगावाला वेड लागलं ते ह्या तुकड्याचं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पोरांनी एका ढेरपोट्या हवालदाराच्या चालीवर तो शिट्टीत वाजवला, तर म्हणे हवालदारालाच हसू आवरेना.

गंगुबाईचं मात्र डोकं फिरायचं. कारण ते क्लॅरिओनेट तिच्या नवऱ्याचं होतं.

कोंडीराम लग्नाच्या ब्यांडात वाजवायचा. ह्या सिनेमासाठी त्याला स्टुडिओतून बोलावणं आलं, तो वाजवून आला आणि लगेच छातीच्या दुखण्यानं आडवा झाला. डॉक्टरनं सांगितलं, आता फुंकायचं नाही, कधीच नाही. वाद्य जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत गेलं. सिनेमाच्या पाट्यांवर कपडे शिवणाऱ्याचं नाव, कुत्रा देणाऱ्याचं नाव, वाजवणाऱ्यांचं एकाचंही नाही. रेकॉर्डी निघाल्या त्या गाण्यांच्या. म्हणजे कोंडीरामचं शेवटचं वाजवणं ऐकायचं तर थेटरात, आणि गुरुवारचे खेळ झाले की सिनेमा उतरणार होता.

"रघु, कोणाचं वाजवतोस ते ठाऊक आहे का रे?" तिनं शेजारच्या रघुला नळावरच गाठलं.

"कोणाचं म्हणजे? मामांचं!"

"क्लॅरिओनेट आहे ते. ह्यांनी वाजवलेलं."

"काय सांगता वैनी! मला वाटलं मामाच तोंडानं काढतात तो आवाज."

गंगुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बादली तशीच ठेवून ती घरात आली. "उठा. आज तुम्ही स्वतःचं वाजवणं ऐकायचं. मग सिनेमा जाईना का चुलीत."

कोंडीराम तिच्या खांद्याला धरून, थांबत थांबत, दुपारच्या खेळाला पोचला. थेटर भरलेलं. पुढच्या बाकांवर रोज येणारे शौकीन, त्यांना सिनेमाचं काही पडलेलं नव्हतं. मामांनी डब्याला हात घातला मात्र, "आला, आला, जिना आला!" म्हणून टाळ्या, शिट्ट्या, हसणं. व्हायोलिन गेलं, ढोल गेला, आता क्लॅरिओनेट येणार आणि कानाला लागतोय नुसता गोंगाट!

गंगुबाई उभीच राहिली. "रे मेल्यांनो, गप रवा! दात कित्याक काढतास? माणसानं छाती फोडून वाजवलंय, ते ऐका की जरा!"

थेटर चिडीचूप. पडद्यावर मामा घसरले, आणि क्लॅरिओनेट एकटंच, स्वच्छ, वरपासून खालपर्यंत घरंगळत गेलं. कोणी हसलं नाही. ती पदर सावरून खाली बसली, विजयानं नवऱ्याकडे बघितलं, तर त्याचा चेहरा मसणातून आल्यासारखा.

घरी येऊन तिनं चहा पुढे ठेवला तेव्हा तो म्हणाला, "मी काय रडगाणं वाजवलं होतं गो?"

"म्हणजे?"

"वाजवतेवेळी स्टुडिओत कोणी हसायचं नसतं. हूं की चूं नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून. पडद्यावर मामा पडतायत, आम्ही पन्नास जण दगड होऊन वाजवतोय. माझ्या त्या घसरण्याला हसू येतं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळणार होतं. आणि तू सगळ्यांना गप्प केलंस."

"मग आधी सांगायला तुमचं तोंड काय शिवलं होतं?" गंगुबाई कडाडली. पण रात्रभर ती कूस बदलत राहिली. मेली माझीच जीभ, ती स्वतःला म्हणत होती. माणसाला एक गोष्ट हवी होती, तीही मी हिसकावली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्यानं पाय उचलायला नकार दिला. तिनं उचलायला लावला. दारावरच्या माणसानं तिला ओळखलं. "बाई, आज ओरडायचं नाही हां." आत पुढच्या बाकांवर कुजबुज झाली, "ए, गप, ती कालची बाई आलीय," आणि माना एकेक करून मागे वळल्या.

मामांनी डबा उचलला. टाळी नाही. मामा जिना चढू लागले. शिट्टी नाही. शौकीन तोंडाला हात लावून शाळेतल्यासारखे बसलेले. गंगुबाईला असा संताप आला म्हणता! काल घसा फोडून ओरडले तेव्हा कुठे गप्प झाले, आणि आज न सांगता शहाणे झालेत! आता ओरडून काय सांगणार, हसा म्हणून? कोंडीराम मान खाली घालून बसला होता.

मग ती हसली. आजारपण घरात आल्यापासून हसण्याची सवयच गेलेली, त्यामुळे पहिलं 'हा' खोकल्यासारखं निघालं. दुसरं तिसरं जोर लावून काढलं. आणि मामांचा पाय घसरला, क्लॅरिओनेट घरंगळलं, तशी तिची मान मागे गेली आणि खरोखरचं, पोटातून हसू फुटलं.

"बाईच हसली रे!" पुढून कोणीतरी ओरडलं, आणि बांध फुटला. टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. मामा कितव्या पायरीवर पडले ते कोणाला कळेना.

तिनं दचकून नवऱ्याकडे बघितलं. गुडघ्यावर त्याची बोटं भराभर चालत होती.

"ऐकू आलं का हो?" तिनं त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

"काहीच नाही गो," कोंडीराम म्हणाला, आणि डोळे पुसत परत हसायला लागला.