कॉलरवर दुसरीचं नाव

मी एक जुना जांभळा कोट आहे. थंडीचा, टोपीवाला. न्यू जर्सीत आयसेलिन नावाच्या गावात, एका घराच्या तळघरातल्या कपाटात मी टांगलेला असतो. मित्रांनो, खरं सांगायचं तर मी जेमतेम दोन हिवाळे काम केलं. पण माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट बर्फात घडलीच नाही. ती नागपुरात घडली, एप्रिलमध्ये.

हसा, हसा. तिथेही सगळे हसले होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या देशात ते लेबलवर होतं, पण धुऊन धुऊन ते पुसलं गेलंय. मला फक्त बायकांचे हात आठवतात. एकीने बाह्या जोडल्या, एकीने चेन बसवली. मग खोका, मग जहाज, मग मॉलमधलं मोठं दुकान. तिथे लोक मला हात लावायचे, "सो क्यूट" म्हणायचे आणि पुढे जायचे. कौतुक खूप झालं. नेलं कोणीच नाही.

जानेवारीच्या सेलमध्ये संघमित्राताई आल्या. सोबत त्यांचे मिस्टर, दादाराव मेश्राम. ताईंच्या हातात एका मुलीचा फोटो होता. त्यांनी तो माझ्या टोपीखाली धरला आणि लांब होऊन बघितलं.

"अहो, एवढीच असेल ना?"

"फोटोत पाय कुठे दिसतात? उंची कशी सांगू?"

"अंदाज सांगा की. इंजिनिअर आहात ना?"

"पुलांचा आहे गं. पोरींचा नाही."

ही मुलगी नागपूरच्या एका अनाथाश्रमात होती. मेश्रामांना अमेरिकेत येऊन चौदा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मोठी मुलगी दत्तक घ्यायची असं दोघांनी ठरवलं, कारण लहान बाळांना घरं मिळतात, मोठ्यांना मिळत नाहीत. फोटो आला तेव्हा ती सात वर्षांची होती. मग कागद, कागद, कागद. दोन वर्षं गेली. पण ताईंनी तो फोटो इतक्या वेळा बघितला होता की त्यातली मुलगी त्यांच्यासाठी वाढलीच नव्हती.

घरी आल्यावर ताईंनी सुईदोरा काढला. इथल्या शाळेत सगळ्यांचे कोट सारखेच दिसतात, म्हणून आत नाव घालतात. माझ्या कॉलरच्या आत त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने एकेक अक्षर भरलं. उपासना. हे नाव दोघांनी फार वर्षांपूर्वी ठरवून ठेवलं होतं. मी फुगून गेलो होतो, मित्रांनो. मला वाटलं, आता आपण कोणाचे तरी झालो.

एप्रिलमध्ये बॅग भरताना दादाराव म्हणाले, "अगं, नागपूरच्या उन्हात कोट? लोक वेडे म्हणतील."

"म्हणू दे. कागद कधी होतील कोणाला माहीत? तिला थंडीत आणावं लागलं तर काय गुंडाळणार, पेपर?"

आश्रमाच्या ऑफिसात कूलर घरघरत होता. तिथल्या प्रमुख शरयूताईंनी आधीच सांगून टाकलं. "उद्या कोर्टात जजसाहेब तिला स्वतः विचारतील. ती नऊ वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. ती नाही म्हणाली तर विषय संपला."

मग ती आली. दोन घट्ट वेण्या, तेल लावलेल्या. बाकाच्या अगदी टोकावर बसली.

"नमस्ते काका. नमस्ते काकू. तिकडे गणित इंग्रजीत असतं का?"

"आकडे तेच असतात गं," दादाराव म्हणाले. "फक्त चुकलं की इंग्रजीत ओरडतात."

ती हसली. संघमित्राताईंनी मला बॅगेतून काढलं. तिने माझ्या खिशात हात घातला, मनगटापर्यंत. "बाप रे, किती मऊ! टोपी पण आहे!" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं कौतुक. मग तिने कॉलर उलटली आणि वाचलं.

"उ-पा-स-ना."

तिचा हात खिशातून बाहेर आला. तिने माझ्या बाह्या आत घेतल्या, आश्रमात शिकवतात तशी नीट घडी घातली आणि मला टेबलावर ठेवलं.

"हा माझा नाही."

"अगं, तुझाच आहे!"

"नाव आहे ना आत. आमच्याकडे ज्याचं नाव त्यानेच घालायचं असतं."

"उपासना म्हणजे तूच, राणी. आम्ही तुझं नाव ठेवलंय."

"माझं आहे नाव. लता." ती उठून उभी राहिली. "तुम्ही उपासनाला न्यायला आलाय. मग तिलाच न्या."

आणि ती बाहेर निघून गेली.

दादाराव हळूच म्हणाले, "लहान आहे. होईल सवय."

"मला झाली का, कधी विचारलंत?" संघमित्राताई म्हणाल्या. "माहेरी मी नीला होते. लग्नात तुमच्या आईंनी संघमित्रा ठेवलं. नाव मोठं, मलाही आवडलं. पण वर्षभर कोणी हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून."

दादाराव बघतच राहिले. सोळा वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. "मग... नीला म्हणू का?"

"नको हो. आता संघमित्रा माझंच आहे. पण मला तुम्ही होता, माहेर होतं. तिच्याजवळ स्वतःचं असं तेवढं एकच आहे. आणि मी तेच काढून घ्यायला निघाले."

त्यांनी शरयूताईंकडून पेन्सिलीचं ब्लेड मागून घेतलं. टाका टाका करत नाव उसवलं. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? दोरा गेला, सुईची बारीक भोकं राहिली. मग मला घेऊन त्या बाहेर पायरीवर लताशेजारी जाऊन बसल्या.

लताने कॉलर उलटून ती भोकं बोटाने चाचपली. मग तिने विचारलं, "कोण आहे ती उपासना?"

"कोणीच नाही. आम्हाला मुलगी होईल असं वाटायचं. तिचं नाव होतं ते. ती आलीच नाही."

लताने विचार केला. "मग ते नाव तिच्याकडेच राहू द्या ना."

"हो," ताई म्हणाल्या.

लताने मला ओढून घेतलं आणि अंगात घातलं. एप्रिलच्या त्या उन्हात! बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच राहिल्या.

"छोटा आहे हा! तुम्हाला पाठवलेला फोटो सातव्या वर्षीचा होता, काकू. मी वाढले ना मध्ये."

तुमच्याबरोबर येते असं मात्र ती म्हणाली नाही. संघमित्राताईंनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात लता मला हातावर टाकूनच आली. शिपाई हसला. जजसाहेबांनी आपल्या खोलीत बोलावलं. "काय बाळ, थंडी वाजते का?"

"नाही. सोबत आणलाय."

"बरं. नाव सांग."

"लता."

"पूर्ण नाव?"

मित्रांनो, शाळेत दरवर्षी तिला हेच विचारायचे आणि ती दरवर्षी सांगायची, "एवढंच." आज तिने मला संघमित्राताईंच्या हातात दिलं आणि मागे वळली.

"काका, तुमचं नाव काय?"

"दादाराव," ते म्हणाले. "मेश्राम."

ती पुढे वळली. "लता दादाराव मेश्राम." मग जरा घाबरून, "चालेल का?"

"मला विचारू नकोस," जजसाहेब म्हणाले. "तुला चालेल का?"

"हो. लता राहणार असेल तर."

त्यानंतर काय विचारलं ते मला नीट ऐकू आलं नाही. संघमित्राताईंनी मला दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलं होतं. दादाराव चष्मा पुसत होते आणि तो काही पुसून होत नव्हता.

व्हिसा व्हायला तीन महिने गेले. आम्ही अमेरिकेत उतरलो ते जुलैच्या घामात. हिवाळा आला तेव्हा मी आणखीच छोटा झालो होतो. नवा घेऊ म्हणाले, तर लता ऐकेना. मग ताईंनी माझ्या बाह्यांना लोकरीच्या पट्ट्या जोडल्या. बसस्टॉपवर मुलं त्या पट्ट्यांना हसायची, ती त्यांच्यावर बर्फ फेकायची. दोन हिवाळे आम्ही असे काढले. मग नवा निळा कोट आला आणि मी तळघरात. चार वर्षं झाली. चेन अडकते, खिसा फाटलाय. राग नाही. तिने वाढायलाच पाहिजे होतं.

फक्त एक मागतो, मित्रांनो. तुमच्या घरात, वर्गात कोणी नवं आलं, तर त्याचं नाव तुम्ही ठरवू नका. विचारा. जड गेलं तरी तो सांगेल तसंच म्हणा. तुमचं चुकलं तर तो सांगेल, त्याचा राग मानू नका. परवाच वरून फोनवर बोलण्याचा आवाज आला. शाळेतलं कोणी तरी पुन्हा चुकलं होतं.

"नो, नॉट लॅटा," लता सांगत होती, अजिबात न चिडता. "लता. से इट अगेन. लता."