एकाच बाजूनं उघडणारी झडप

भोसरीच्या रंगाच्या कारखान्यात सुदर्शन अठरा वर्षं फिटर होता, आणि पंपाच्या नळातली झडप आपल्यावाचून कुणाला कळत नाही, असा त्याचा पक्का समज होता. झडप साधीच. पंपानं द्रव वर ढकलला की ती उघडायची, तो मागं फिरला की त्याच्याच रेट्यानं मिटायची. जितका रेटा मोठा, तितकी घट्ट. मिटताना ठक् करून आदळायची, एवढीच तिची खोड.

नव्वदीनंतर माडीवर कॉम्प्युटर आले. तिथल्या अभयसाहेबांनी एकदा खाली वाकून विचारलं, "मामा, गणपती जाऊन महिना झाला. ढोल अजून चालूच?" पोरं फिदीफिदी हसली. सुदर्शनच्या ते मस्तकात गेलं. कुणाला न सांगता त्यानं झडपच काढून घेतली आणि वरचं झाकण होतं तसं बसवलं.

चौथ्या दिवशी पोपट गायकवाडनं, झडप आहेच या भरवशावर, पंप खोलला. वरच्या टाकीतलं उकळतं कॉस्टिक सोड्याचं पाणी उलटं खाली आलं ते सरळ त्याच्या तोंडावर. गालाची कातडी गळ्याशी लोंबू लागली आणि ओरडायला ओठ उरले नाहीत. लोक त्याला टेम्पोत घालत होते, तेव्हा या सुदर्शननं काय करावं? झडप परत जागेवर बसवली, खोललेला पंप जोडला आणि झडपेच्या वरचा जोड सैल करून ठेवला. "पोपटनं चुकीचा जोड खोलला," असं त्यानं तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी झडपेला हात लावून पाहिला. पोपट त्याच रात्री गेला, आणि खापर मेलेल्यावर फुटलं.

त्या दिवसापासून पंप थांबला तरी नळातून आवाज येईना. आठवडाभर सुदर्शनला बरंच वाटलं. मग जेवताना बायकोनं, भाग्यश्रीनं, विचारलं, "पोपटभाऊंचं नेमकं काय झालं हो?" सांगून मोकळं व्हावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तर घशात काहीतरी ठक् करून आदळलं.

"काय वाजलं?" भाग्यश्री म्हणाली. तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

सकाळी टाकी रिकामी करून तो घण घेऊन नळावर तुटून पडला. तळहात सोलले, बीड फुटलं. आत झडप नव्हती. ज्या खिळीवर त्यानं स्वतः ती अडकवली होती, ती खिळी मोकळी होती.

दुपारी पोपटची बायको कुसुम येरवड्याहून फाटकाशी आली. "भाऊ, वस्तीत म्हणतात, आमचे हे बेपर्वाईनं गेले. तुम्ही तिथंच कामावर होता. एकदा सांगा, चूक यांची होती का?"

नाही म्हणायचं होतं. जीव तोडून म्हणायचं होतं. त्यानं शब्द वर लोटला, आणखी लोटला, आणि जितका लोटला तितका गळा घट्ट मिटत गेला. मग तो स्वतःच्याच गळ्यावर मुठी मारू लागला. तोंडातून रक्त आलं, तरी थांबेना.

कुसुमनं त्याची दोन्ही मनगटं धरली.

"असू द्या, भाऊ," ती हळूच म्हणाली. "मेलेल्या माणसाची चूक सांगायला तुमची जीभ वळेना. कळलं मला."

आणि पदराच्या टोकानं तिनं त्याच्या ओठावरचं रक्त पुसलं.