सोडलेली तंबाखू

“घे ना बे! हे पुडी त्या साहेबासमोर नालीत फेक अन् म्हन, आजपासून सोडली. झालं!” फारुखने आपली तंबाखूची पुडी तुळशीरामाच्या हातात कोंबली.

चिखलीच्या त्या डाळमिलमध्ये सकाळपासून हीच धांदल होती. जो हमाल तंबाखू सोडेल त्याला पगारावर दरमहा पाचशे रुपये, असं मालकाने जाहीर केलं होतं. मालकाचा हेतू चांगलाच होता. पंचाईत एवढीच, की तुळशीरामाने ती चार वर्षांपूर्वीच सोडली होती. त्याआधी फारुखने मळायची, दोन वाटे करायचे आणि एक तुळशीरामाला द्यायचा, असा त्यांचा रिवाज. मग तुळशीरामाच्या बायकोचं, गोजरबाईचं, मिश्री लावून लावून तोंड उघडेनासं झालं. घास आत जाईना. तिच्या उशाशी बसून, तिला शब्द देऊन त्याने तंबाखू सोडली. ती गेली, पण त्याने पुन्हा हात लावला नाही.

“काका, योजना सोडणाऱ्यांसाठी आहे,” मॅनेजर समजुतीने म्हणाला. “कालपर्यंत खात होतो म्हणा. मी नाव लिहून घेतो.”

खाणाऱ्याला बक्षीस आणि न खाणाऱ्याला काहीच नाही! तुळशीरामाला राग आला. पण लेकीची, राखीची, शिकवणी पैशांपायीच बंद पडली होती. तो क्षणभर पुडीकडे पाहत राहिला.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “आज सोडली म्हनलं, तं गोजरले देल्ला शबूद खोटा होते. तो मले इकाचा नाही.”

“येडा हायेस तू! पोरीचा तं इचार कर!” फारुख चिडला. तुळशीरामाने पुडी परत दिली, तशी ती फारुखने स्वतःच नालीत भिरकावली आणि आपलं नाव लिहून दिलं.

दुपारच्या सुट्टीत दोघं पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले. फारुखचा अंगठा रिकाम्याच तळहातावर फिरू लागला.

“तुळशा, मले जमन काय रे?”

“हाव, जमन. पहिले पहिले हातच आयकत नाही.”

तुळशीरामाने खिशातून मूठभर फुटाणे काढले. तळहातावर अंगठ्याने चोळले, फुंकर मारून सालं उडवली आणि दोन वाटे केले. मोठा वाटा त्याने फारुखपुढे धरला.