मनाईचं परिपत्रक

अंधेरीतल्या आमच्या विमा कंपनीत नेटवर्कची सुरक्षा मी सांभाळते. क्लाउड सुरक्षेवर जिथे तिथे भाषणं ठोकणारे आमचे निमेशसाहेब. सोमवारी त्यांचं परिपत्रक आलं: कंपनीची कुठलीही माहिती चॅटबॉटला द्यायची नाही, दिलीत तर नोकरी जाईल. भाषा इतकी गुळगुळीत की मला संशय आला. नेटवर्कवरून कोण काय पाठवतं त्याच्या नोंदी, म्हणजे लॉग, उघडून पाहिले. साहेबांनी ते परिपत्रक चॅटबॉटकडूनच लिहून घेतलं होतं, आणि मजकूर नेमका उतरावा म्हणून आमच्या सगळ्या सर्व्हरचा नकाशा त्याला पासवर्डसकट दिला होता.

मी केबिनमध्ये जाऊन विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, "अगं उत्तरा, नियम स्टाफसाठी आहे. आणि मी त्याला शेवटी बजावलंय ना, हे कुणाला सांगू नकोस म्हणून."